हिशेबनिसाची सही आणि हिशेबनिसाचा पगार



ज्या व्यासपीठाला काव्यशास्त्रविनोदाची सवय आहे, तेथे जमाखर्चाच्या वहीविषयी बोलावयाचे म्हणजे मेजवानीच्या पंगतीत काढ्याचा पेला फिरविण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. परंतु काढा कडू असला तरी घरोघर लागतो. आपल्यांत जो जो नोकरी करणारा आहे, त्याचा पगार किती व्हावा, त्यांतून काय कापावे आणि कापलेले कोठे भरावे हे सारे एका टेबलावर ठरते. ते टेबल हिशेबनिसाचे. पगार आता परस्पर बँकेत जमा होतो हे खरे. पण बँकेला आकडा कळविणारा मनुष्य तोच आहे. आणि त्या आकड्याखाली सही करणारा मनुष्य बहुधा व्यवस्थापक असतो.

माझे काम कामगार संघटनेतले. संघटनेच्या माणसाने हिशेबनीस आणि व्यवस्थापक ह्यांच्याविषयी आस्थेने बोलावे ह्याचे काहींस नवल वाटेल. कारखान्याच्या आवारात हिशेबनिसाचे नाव 'मालकाचा माणूस' असे पडलेले असते, आणि मालक मात्र खाजगीत त्याला 'आमचा कारकून' म्हणतो. म्हणजे खालचे त्याला वरचा समजतात आणि वरचे त्याला खालचा. ह्यात नुसती गंमत असती तर मी आपला वेळ घेतला नसता. कायद्याच्या दरबारातही ह्या माणसाची हीच गत होते, हे मला सांगावयाचे आहे. तो आपला हक्क मागावयास गेला की त्याला सांगण्यात येते, 'तू अधिकारी आहेस, कामगार नव्हेस.' आणि काही गैर घडले की त्यालाच सांगण्यात येते, 'तू नोकर होतास, वही तुझ्या ताब्यात होती, सही तुझी आहे.' ह्या दोन वाक्यांच्या फटीत हजारो सुशिक्षित माणसांची आयुष्ये अडकलेली आहेत. ती फट नेमकी कोठे आहे, ती कायद्याने किती बुजविली आहे आणि उरलेली आपण कशी बुजवावी, एवढाच आजचा विषय.

हिशेबनीस कामगार आहे काय?

आपल्याकडे औद्योगिक कलह कायदा १९४७ साली झाला. त्यात 'कामगार' ह्या शब्दाची व्याख्या होती, आणि त्या व्याख्येत बसणाऱ्यालाच नोकरीवरून काढल्यास कामगार न्यायालयाचे दार उघडे असे. अंगमेहनतीचे काम करणारा, कुशल, अकुशल, तांत्रिक काम करणारा आणि कारकुनी करणारा हे सर्व कामगार. मात्र व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय अधिकार असलेला मनुष्य बाहेर. मध्ये एक तिसरा वर्ग राहिला, देखरेख करणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी १९५६ च्या दुरुस्तीने पगाराची एक रेघ आखली. ती रेघ आरंभी दरमहा ५०० रुपयांची होती, १९८४ पासून १,६०० झाली, २०१० साली १०,००० झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, तीत ती १८,००० आहे.

आता येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण भल्याभल्यांचा येथे गोंधळ होतो. ही पगाराची रेघ फक्त देखरेख करणाऱ्यासाठी आहे. कारकुनी काम करणाऱ्यासाठी अशी रेघ नाही. एखादा हिशेबनीस साठ हजार रुपये पगार घेत असला, पण त्याचे मुख्य काम नोंदी करणे, खतावणी करणे, बँकेचा ताळा घालणे, कराची विवरणे तयार करणे हेच असले, तर पगार मोठा म्हणून तो कामगार राहत नाही असे होत नाही. सारा झगडा असतो तो 'काम कोणत्या जातीचे' ह्यावर.

म्हणूनच मालकाला पदवी देण्याची हौस फार. पदवीला पैसे पडत नाहीत. काल 'अकौंट्स क्लार्क' असलेला मनुष्य आज 'मॅनेजर, फायनान्स' होतो, पगार दोन हजारांनी वाढतो, दारावर पाटी लागते, पेढे वाटले जातात. वर्षाने त्याला घरी पाठविण्याची वेळ आली की तीच पाटी न्यायालयात पुराव्यास येते. सुदैवाने आमची न्यायालये पाटी पाहून भुलत नाहीत, काम पाहतात. पंजाब को-ऑपरेटिव्ह बँकेच्या एका अकौंटंटचा खटला १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तो कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकांवर सही करतो, म्हणून तो अधिकारी, असे बँकेचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. पगारपत्रकावर सही केली म्हणून कारकुनी काम करणारा व्यवस्थापक होत नाही, असा त्याचा भावार्थ. १९८८ साली जयपूरच्या नॅशनल इंजिनिअरिंग कंपनीच्या अंतर्गत हिशेबतपासनिसाविषयीही तसेच ठरले. तो इतरांचे हिशेब तपासतो आणि वर कळवितो, पण स्वतः निर्णय घेऊन कंपनीला बांधू शकत नाही, तेव्हा तो कामगारच. उलट १९९४ साली करोना साहू ह्या पादत्राणांच्या कंपनीच्या एका दुकानप्रमुखाचा खटला निघाला. त्याच्या हाताखाली माणसे होती आणि दुकानाचा कारभार त्याच्या अधिकारात चाले. त्याला कामगार मानण्यात आले नाही.

तेव्हा आपण स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हाताखालच्या माणसाची रजा मी कोणाला न विचारता मंजूर करू शकतो काय? एखादा खर्च माझ्या एकट्याच्या अधिकारात मंजूर होतो काय? कोणाविरुद्ध शिस्तीची कारवाई मी सुरू करू शकतो काय? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर दारावर काहीही लिहिलेले असो, आपले काम कारकुनी आहे असे सांगण्यास जागा आहे. परंतु हे सांगण्यास कागद लागतो. कोणते काम करतो ह्याची लेखी यादी, पाठविलेली टिपणे, वरिष्ठांची मंजुरी मागणारी पत्रे ह्या गोष्टी ज्याच्याजवळ आहेत, त्याचे म्हणणे टिकते.

आणि जो खरोखर व्यवस्थापक आहे त्याचे काय? त्याने अगदीच हात टेकावेत असे नाही. वेतन संहितेत 'कामगार' आणि 'कर्मचारी' असे दोन शब्द आहेत, आणि 'कर्मचारी' ह्या शब्दात व्यवस्थापकही येतो. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याला पगाराची मर्यादा होती, २०१७ साली ती २४,००० रुपये झाली. तीवर पगार असणाऱ्याला त्या कायद्याचा आधार नसे. वेतन संहितेने ती मर्यादा काढून टाकली. नोकरी सोडली, काढले, कपात झाली तर देणे असलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे, हा नियम आता व्यवस्थापकालाही लागू आहे. ग्रॅच्युइटीचेही तसेच, व्यवस्थापकीय पदावर आहे म्हणून ती नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. संघटना नोंदविण्यासाठी कायद्याने 'कामगार' हा शब्द मुद्दाम रुंद ठेवला आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन्स कायद्यात धंद्यात नोकरीस असलेले सर्वच लोक त्यात येत. नव्या संहितेच्या संघटनाविषयक प्रकरणातही तोच रुंद अर्थ कायम आहे. म्हणजे व्यवस्थापकाला कलह घेऊन कामगार न्यायालयात जाता आले नाही, तरी आपल्यासारख्यांची संघटना बांधण्यास त्याला मज्जाव नाही. लेखणी चालविणाऱ्यांनी संघटना करणे हे काही अघटित नव्हे. ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन १९४६ साली कलकत्त्यास निघाली, विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९५१ साली मुंबईस निघाली. बँकेतील कारकुनाला आज जी प्रतिष्ठा आहे, ती त्याला कोणी मालकाने खुशीने दिलेली नाही.

दुसऱ्याचा पैसा

आता कराकडे वळू. हिशेबनिसाच्या हातून जो पैसा जातो त्याचे दोन भाग पडतात. एक मालकाचा, दुसरा मालकाकडे तात्पुरता ठेवलेला, पण मालकाचा नसलेला. सारे तंटे ह्या दुसऱ्या भागातून निघतात.

पगारातून कापलेला प्राप्तिकर हा सरकारचा पैसा. भविष्यनिर्वाह निधीची कपात हा कामगाराचा पैसा. व्यवसायकराचे महिन्याला कापलेले २०० रुपये हा राज्याचा पैसा. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला आणि रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा हा त्याचा हेतू होता. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावावा, अशी ती कल्पना. म्हणजे एखाद्या मालकाने कापलेला व्यवसायकर खिशात घातला तर तो नुसता सरकारला फसवीत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एका कारखान्यात ५० माणसे आहेत, प्रत्येकाचे निधीसाठी धरावयाचे वेतन १५,००० रुपये. प्रत्येकाच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकाने तेवढेच आपल्या पदरचे घालावयाचे; त्यातले १,२५० निवृत्तिवेतनाकडे आणि ५५० निधीकडे जातात. नुसता कामगारांच्या पगारातून कापलेला पैसा पाहिला तरी महिन्याला ९०,००० रुपये होतो. तो पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावयाचा असतो. बाजारात मंदी आली, एखाद्या ग्राहकाने पैसे अडविले, की मालकाची नजर प्रथम ह्या नव्वद हजारांवर जाते. बँकेचे कर्ज काढावयास व्याज पडते, जामीन लागतो. कामगाराचा पैसा मात्र न मागता हाताशी असतो.

कायद्याने ह्या मोहाची फार पूर्वी दखल घेतली. १९७३ साली भारतीय दंड संहितेत स्पष्टीकरण घालण्यात आले की, पगारातून निधीची वर्गणी कापणारा मालक हा त्या पैशाचा विश्वस्त समजावा, आणि ती न भरल्यास तो फौजदारी विश्वासघात समजावा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीतही विश्वासघाताच्या कलमात, म्हणजे कलम ३१६ मध्ये, ही तरतूद आहे. प्राप्तिकर कायद्याने दुसऱ्या बाजूने पकडले. १९६१ च्या कायद्याची मांडणी अशी होती की, कामगाराकडून कापलेली वर्गणी ही मालकाचे उत्पन्न समजावी, आणि ती निधीच्या मुदतीत भरली तरच खर्च म्हणून वजा द्यावी. पुष्कळ मालक म्हणत, 'थोडा उशीर झाला, पण विवरणपत्राच्या आधी तर भरली!' चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याखाली हे म्हणणे फेटाळले. मालकाच्या वाट्याची वर्गणी निराळी आणि कामगाराची निराळी. दुसऱ्याचा पैसा वेळेवर न भरणाऱ्याला सवलत नाही. आमच्या उदाहरणातला कारखाना भागीदारीतला असेल, तर एका महिन्याच्या ९०,००० वर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून २८,०८० रुपयांचा भुर्दंड पडे. मुदतीच्या तारखा कायदेमंडळ मागेपुढे करते, कलमांचे आकडे बदलते. हा पैसा कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र बदलत नाही.

प्राप्तिकराच्या कपातीचेही असेच. कापलेला कर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावयाचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. १९६१ च्या कायद्यात न कापल्यास दरमहा १ टक्का आणि कापून न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज होते, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरला जाई. कापला नाही तो विसराळू, पण कापला आणि ठेवून घेतला तो त्याहून वाईट, असा ह्या अर्ध्या टक्क्याचा अर्थ.

येथे पगारदारांना धीर देणारी एक गोष्ट सांगतो. कर आपल्या पगारातून कापला गेला, पण मालकाने भरला नाही, आणि प्राप्तिकर खात्याची मागणी आपल्या घरी आली, तर घाबरू नये. कापला गेलेला कर त्याच माणसाकडून पुन्हा मागू नये, असे १९६१ च्या कायद्याचे कलम २०५ सांगे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली हेच ठासून सांगितले: वसुली मालकाकडून करा, नोकराकडून नव्हे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ साली अधिकाऱ्यांना तशी समज दिली. मात्र कर कापला गेला हे दाखविण्यास पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे लागतात. चिठ्ठी फाडून टाकणाऱ्याची बाजू त्या दिवशी लंगडी पडते.

सही कोणाची आणि शिक्षा कोणाला?

आतापर्यंत मी 'मालकाने भरले नाही' असे म्हणत आलो. परंतु कंपनी ही अदृश्य व्यक्ती. तिला तुरुंगात घालता येत नाही. मग कायदा माणूस शोधतो, आणि तो शोध हिशेबनिसाच्या टेबलापाशी येऊन थांबण्याचा संभव असतो.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात 'प्रिन्सिपल ऑफिसर' म्हणून एक शब्द होता. कंपनीचा चिटणीस, खजिनदार, व्यवस्थापक हे तर त्यात येतच. पण व्यवस्थापनाशी संबंध असलेल्या ज्या कोणाला कर अधिकारी तशी नोटीस देईल तोही त्यात येई. कापलेला कर न भरल्यास त्या कायद्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी लिहिलेली होती. कंपनीकडून गुन्हा घडल्यास तिच्या कारभाराला जबाबदार असलेला प्रत्येक मनुष्य दोषी समजावा, असेही होते. सुटकेची वाट एकच: ही गोष्ट आपल्या नकळत घडली, किंवा ती टाळण्यासाठी आपण सर्व योग्य ती काळजी घेतली, हे त्यानेच सिद्ध करावयाचे. संसदेने २०२५ साली नवा प्राप्तिकर कायदा केला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याचा आरंभदिन ठरविला. पगारावरील कपातीचे कलम १९२ चे ३९२ झाले, 'करवर्ष' असा नवा शब्द आला. नव्या आकड्यांची उजळणी प्रत्येकाने करावी. पण जबाबदार माणूस शोधण्याची कायद्याची ही जुनी रीत विसरू नये.

२०१३ च्या कंपनी कायद्याने तर हे अधिक उघड लिहिले. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या व्याख्येत, ज्याच्याकडे हिशेब व दप्तर ठेवण्याचे काम सोपविले आहे आणि जो जाणूनबुजून कसूर होऊ देतो, किंवा ती थांबविण्यासाठी जाणूनबुजून काहीच करीत नाही, तोही घातला आहे. 'मी काहीच केले नाही' हे सामान्य माणसाचे समर्थन असते. येथे तेच आरोपपत्र होऊ शकते. आणि खोटे हिशेब लिहिण्याचा गुन्हा, जो जुन्या दंड संहितेत ४७७-अ होता आणि न्याय संहितेत ३४४ आहे, तो तर नाव घेऊनच 'कारकून, अधिकारी किंवा नोकर' ह्यांच्यावर ठेवलेला आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

हे खोटे हिशेब कोठे मोठ्या लबाडीतच लिहिले जातात असे नव्हे. १९६१ च्या कायद्याखाली एका दिवसात एका व्यक्तीला रोख दहा हजारांहून अधिक दिले, तर काही अपवाद सोडून तो खर्च मान्य होत नसे. मग रंगकाम करणाऱ्याला पंचवीस हजार रोख दिलेले असतात आणि वरून निरोप येतो, 'तीन व्हाउचरे करा, तीन नावे घाला.' कायदा एका खर्चावर बोट ठेवीत होता, आणि तो चुकविण्यासाठी तीन खोटे कागद तयार झाले. खर्च अमान्य झाला असता तर मालकाला काही हजार रुपये कर पडला असता. तो वाचला; आणि तीन व्हाउचरांवर हस्ताक्षर राहिले बावीस वर्षांच्या मुलाचे, ज्याला त्यातले पैसाभरही मिळाले नाही. लहान उद्योगांची बिले ४५ दिवसांत न चुकविल्यास तो खर्च त्या वर्षी वजा मिळू नये, अशी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली. तेव्हापासून बिलावरची तारीख मागेपुढे करण्याची फर्मानेही सुटू लागली.

मोठे उदाहरण हवे असेल तर सत्यम कॉम्प्युटर्सचे घ्या. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी स्वतःच हिशेब फुगविल्याची कबुली दिली. ९ एप्रिल २०१५ रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दहा जणांस दोषी ठरवून प्रत्येकी सात वर्षांची शिक्षा सांगितली. पुढच्याच महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन आरोपी जामिनावर सुटले, हे सांगणे न्यायाचे आहे. पण त्या दहांत कोण होते? अध्यक्ष होते, त्यांचे भाऊ होते, लेखापरीक्षक होते, आणि कंपनीचे पगारी नोकरही होते. लाभाचे वाटे सारखे नव्हते. शिक्षेची वर्षे सारखी निघाली.

अलीकडे ह्यात एक नवी गोष्ट आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक नोंदीचा आणि प्रत्येक फेरफाराचा माग राहिला पाहिजे, आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. पूर्वी खोडाखोड वहीत दिसे. मध्यंतरी संगणकाने ती झाकली. आता ती पुन्हा दिसू लागली. नियम चांगला आहे. परंतु पुष्कळ कचेऱ्यांत चार माणसे एकाच पासवर्डावर काम करतात, आणि साहेबांना तर प्रत्येकाचा पासवर्ड ठाऊक असतो. आजोबांच्या काळी कोरा सही केलेला कागद कोणाच्या हाती देऊ नये असे सांगत. पासवर्ड हा तसाच कागद आहे.

हिशेबनिसाचा स्वतःचा पगार

दिव्याखाली अंधार म्हणतात तो येथे पाहावा. साऱ्या कचेरीचे पगारपत्रक करणाऱ्याचे स्वतःचे नाव त्या पत्रकात नसते, अशा कचेऱ्या वाढत आहेत. त्याला 'सल्लागार' करून टाकतात. सकाळी दहाला यावयाचे, सातला जावयाचे, रजा विचारून घ्यावयाची. पण कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक. त्याला पगार नव्हे, 'फी' मिळते.

ह्याचा हिशेब करून पाहू. महिना ४०,००० रुपये फी. तीतून १० टक्के कर कापला जातो, हाती ३६,०००. वर्षाला ४८,००० रुपये सरकारकडे अडकतात आणि विवरणपत्र भरून परत मागावे लागतात. हीच रक्कम पगार म्हणून दिली असती, तर वर्षाच्या ४,८०,००० वर २०२५-२६ च्या नव्या कररचनेत कर शून्य, आणि कपातही शून्य. पगारदाराला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट फीवाल्याला नाही. निधीत मालकाचे दरमहा १,८०० रुपये, म्हणजे वर्षाचे २१,६००, आले असते, ते बुडाले. मूळ वेतन २०,००० धरले तर दहा वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी १,१५,३८५ रुपये झाली असती, तीही नाही. मालकाने नुसता एक शब्द बदलला, आणि एवढा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

हा शब्दही न्यायालयात अखेरचा नसतो. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात १९५६ साली मिठागरात काम करणाऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने विचारले होते: काम काय करावे एवढेच नव्हे, तर ते कसे करावे ह्यावर हुकूम कोणाचा चालतो? मिठागराच्या मजुराला लावलेली ती कसोटी वातानुकूलित कचेरीतल्या 'सल्लागारा'लाही लावून पाहता येते.

रोखपालाची निराळी व्यथा. शिलकेत पाचशे कमी भरले की महिनाअखेर ते पगारातून वळते. कायदा अशी वसुली सरसकट मान्य करीत नाही. ज्या रोकडीचा हिशेब देणे त्याचे काम होते, तिची तूट थेट त्याच्याच हयगयीमुळे झाली असली पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. शिवाय सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. गल्ल्याची किल्ली दोघांकडे आणि तूट एकाकडे, हा न्याय नव्हे.

कामाच्या ओझ्याविषयी थोडक्यात बोलतो. सातला प्राप्तिकराची कपात, अकराला वस्तू व सेवा कराचे विक्रीचे विवरण, पंधराला निधी आणि राज्य विमा, विसाला त्या कराचे दुसरे विवरण. दर तिमाहीची विवरणे आणखी वेगळी. जुलै २०१७ पासून ह्या पंचांगात शुद्ध दिवस फार थोडे उरले. आणि उशीर झाला तर विलंबशुल्क मालकाच्या खात्यावर पडते, बोल मात्र हिशेबनिसाला लागतो. बहुधा मालकाने पैसे वेळेवर दिलेले नसतात, तरीही.

उपाय काय?

पहिला उपाय लेखी टिपणाचा. मुदतीपूर्वी तीन-चार दिवस, किती रक्कम कोठे भरावयाची आहे आणि पैसे द्यावेत, असे दोन ओळींचे पत्र किंवा ई-मेल वरिष्ठांस पाठवावे. भाषा नम्र असावी, आरोप नको. 'सर्व योग्य ती काळजी घेतली' हे उद्या सिद्ध करावयाचे झाले तर हेच दोन ओळींचे टिपण उभे राहील. तोंडी सांगितलेले साहेब विसरतात, आणि साहेबांनी तोंडी दिलेला हुकूम तर ते खात्रीने विसरतात.

दुसरा उपाय, आपल्या पासवर्डाने दुसऱ्याला काम करू न देणे आणि न झालेल्या व्यवहाराचा कागद न करणे. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण, हे मला ठाऊक आहे. घरभाडे, मुलांची फी आणि आईचे औषध ज्याच्या डोक्यावर आहे, त्याला 'बाणेदार हो' म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर शौर्य गाजविणे होय. म्हणून तिसरा उपाय सांगितल्यावाचून दुसरा सांगू नये.

तो तिसरा उपाय संघटनेचा. एकटा हिशेबनीस 'नाही' म्हणाला तर तो हट्टी ठरतो, आणि त्याच्या जागेसाठी दारात दहा जण उभे असतात. गावातल्या शंभर हिशेबनिसांनी मिळून ठरविले की आम्ही खोटे व्हाउचर लिहीत नाही, तर तो बाजाराचा रिवाज होतो. सात माणसे एकत्र आली की नोंदणीचा अर्ज करता येतो. मोठ्या कारखान्यात जी संघटना आहे, तिनेही कचेरीचा जिना चढला पाहिजे. निधीचे चलन भरले नाही हे कामगाराला कळण्यापूर्वी हिशेबनिसाला कळलेले असते. त्याला आपला मानले, तर तो वेळीच सावध करील. 'मालकाचा माणूस' म्हणून दूर लोटले, तर तो भीतीने गप्प बसेल.

चौथा उपाय मात्र आपण सर्वांनी करावयाचा आहे, आणि त्याला धैर्यही लागत नाही. पगारदार असाल तर निधीचे पासबुक महिन्यातून एकदा पाहा. कापलेला कर आपल्या नावे जमा दिसतो की नाही, ते प्राप्तिकर खात्याच्या उताऱ्यात दर तिमाहीस पाहा. पैसा तेथे नसेल तर दोन महिन्यांत कळेल. दोन महिन्यांची थकबाकी सुटते; दहा वर्षांची सुटत नाही. जो कामगार आपला हिशेब पाहतो, तो हिशेबनिसाचेही रक्षण करतो, कारण पन्नास माणसे पाहत आहेत असे कळल्यावर नव्वद हजारांना हात लावण्यापूर्वी मालक दोनदा विचार करतो.

आणि ज्यांच्या स्वतःच्या पेढ्या, दुकाने वा कारखाने आहेत अशीही मंडळी येथे आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, जो नोकर तुमच्या सांगण्यावरून सरकारला खोटे लिहून देतो, तो एक दिवस तुम्हालाही खोटे लिहून देण्यास शिकतो. खरा आकडा सांगण्याची मोकळीक आणि त्याबद्दल पुरता पगार, ह्या दोन गोष्टी ज्याने आपल्या हिशेबनिसाला दिल्या, त्याची झोप शांत असते.